न्यायालयीन व पोलीस अभिलेख : शोध, मागणी आणि मर्यादा (गिरगाव परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

स्थानिक इतिहास, समाजशास्त्र आणि राज्यशास्त्र या विषयांच्या संशोधनात जनगणना, गॅझेटिअर आणि वृत्तपत्रे यांचा जितका उपयोग केला जातो, तितका न्यायालये व पोलीस ठाणी यांच्या कागदपत्रांचा केला जात नाही. याची दोन कारणे सांगितली जातात. हे कागद गोपनीय असतात, आणि ते मिळत नाहीत. पहिले विधान बऱ्याच अंशी चुकीचे आहे. दुसरे अनेकदा खरे ठरते. परंतु पुष्कळ वेळा त्याचे कारण गोपनीयता हे नसून मागणी भलत्याच कार्यालयाकडे, भलत्याच नियमाखाली अथवा फार उशिरा झालेली असणे हे असते. हे कागद कोणाच्या ताब्यात असतात, ते कोणत्या वाटेने मागावे लागतात आणि कोणत्या टप्प्यावर कायमचे हातचे जातात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

गिरगाव परिसराची निवड सहेतुक आहे. वाड्या आणि चाळी यांनी घडलेला हा भाग पुनर्विकासामुळे झपाट्याने बदलत आहे. मेट्रो-३ मार्गिकेवरील गिरगाव स्थानक ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाले. त्याच्या उभारणीसाठी काही जुन्या इमारती पाडाव्या लागल्या. चाळ पडली की तिच्यातील खोल्यांचा, भाडेकरूंचा आणि भांडणांचा पुरावा कागदावरच उरतो. एखाद्या कुटुंबाचा नव्या इमारतीतील जागेवरचा हक्क जसा त्या कागदावर अवलंबून असू शकतो, तसाच त्या वस्तीचा इतिहासही.

नावे आणि हद्दी :

शोधाची पहिली अडचण कायद्याची नसून नावांची असते. आज ‘गिरगाव’ या नावाचे पोलीस ठाणे नाही. गिरगाव म्हणून ओळखला जाणारा परिसर विठ्ठलभाई पटेल मार्ग, डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, लोकमान्य टिळक मार्ग आणि गावदेवी अशा निरनिराळ्या ठाण्यांच्या हद्दींत विभागलेला आहे. समोरासमोरच्या दोन चाळींच्या नोंदी दोन वेगळ्या ठाण्यांत असणे अशक्य नाही. शिवाय जुन्या कागदांत रस्त्यांची जुनी नावे येतात. गिरगाव बॅक रोड म्हणजे विठ्ठलभाई पटेल मार्ग, लॅमिंग्टन रोड म्हणजे भडकमकर मार्ग, कर्नाक रोड म्हणजे लोकमान्य टिळक मार्ग, सँडहर्स्ट रोड म्हणजे सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, आणि गिरगाव रोड म्हणजे जगन्नाथ शंकरशेट मार्ग. ही जोडयादी हाताशी नसलेला विद्यार्थी अभिलेख समोर असूनही तो ओळखत नाही.

न्यायाधिकाऱ्यांच्या पदनामांचेही असेच आहे. ब्रिटिश काळातील व त्यानंतरच्या काही दशकांतील कागदांत ‘प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट’ भेटतो. १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९७४ पासून अमलात आल्यावर त्याच्या जागी ‘महानगर दंडाधिकारी’ आला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत महानगर दंडाधिकारी हा वर्गच ठेवलेला नाही. गिरगाव न्यायालयातील एखादे प्रकरण शोधताना ते कोणत्या काळातले आहे हे आधी ठरवावे लागते, ते यासाठी.

कागदाचा प्रवास :

पोलीस ठाण्यात नोंदलेली प्रथम खबर तेथेच थांबत नाही. तिची प्रत दंडाधिकाऱ्याकडे जाते. तपास पूर्ण झाल्यावर दोषारोपपत्र, पंचनामे, जबाब आणि वैद्यकीय अहवाल न्यायालयात दाखल होतात. गंभीर गुन्हा असल्यास प्रकरण सत्र न्यायालयाकडे वर्ग होते. अपील झाल्यास मूळ अभिलेख उच्च न्यायालयात मागवला जातो. प्रकरण अंतिम झाले की तो खालच्या न्यायालयाच्या अभिलेख कक्षात परततो आणि ठरलेल्या मुदतीनंतर त्याची निंदणी होते. या प्रवासात कागद ज्याच्या ताब्यात असेल, मागणीलाही त्याचाच नियम लागू होतो. संशोधकाने प्रथम विचारावयाचा प्रश्न ‘हा कागद मला मिळेल काय’ हा नसून ‘हा कागद आज कोठे आहे’ हा आहे.

प्रथम खबरेच्या बाबतीत परिस्थिती पूर्वीपेक्षा पुष्कळ सुकर झाली आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी यूथ बार असोसिएशनच्या याचिकेत दिलेल्या निर्देशांनुसार प्रथम खबर नोंदल्यापासून सर्वसाधारणपणे २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावी लागते. लैंगिक गुन्हे, बालकांविषयीचे गुन्हे, दहशतवाद यांसारखी संवेदनशील प्रकरणे यातून वगळलेली आहेत, आणि प्रसिद्ध न करण्याचा निर्णय पोलीस उपअधीक्षकाहून कमी दर्जाच्या अधिकाऱ्याने घ्यावयाचा नाही. दोषारोपपत्राची गोष्ट मात्र निराळी. ते सार्वजनिक दस्तऐवज नाही आणि संकेतस्थळावर टाकण्याची सक्ती करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०२३ रोजी सौरव दास यांच्या याचिकेत स्पष्ट केले. आरोपीला व पीडित व्यक्तीला त्याची प्रत कायद्याने मिळते. त्रयस्थाला ती हवी असेल तर न्यायालयाचीच पायरी चढावी लागते. तपास अधिकाऱ्याची तपास-दैनंदिनी तर आरोपीलाही सहजी पाहता येत नाही.

पोलीस ठाण्यात याखेरीज अदखलपात्र गुन्ह्यांची नोंदवही, अपमृत्यूंची नोंद आणि ठाणे दैनंदिनी असते. सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने अदखलपात्र नोंदवही सर्वांत बोलकी म्हणावी लागेल. नळावरची भांडणे, जिन्यातील सामान, गच्चीचा वापर, शिवीगाळ असे चाळीतील दैनंदिन जीवनाचे सारे ताणतणाव तेथे दोन-तीन ओळींत उतरलेले असतात. तपासाअंती गुन्हा शाबीत होण्यासारखा नसेल तेव्हा पोलीस न्यायालयात ‘समरी’ अहवाल पाठवितात. गुन्हा घडला पण आरोपीचा छडा लागला नाही, तर ‘ए’. फिर्याद जाणूनबुजून खोटी आढळली, तर ‘बी’. आणि गैरसमजुतीची वा दिवाणी स्वरूपाची निघाली, तर ‘सी’. हे अक्षर ठाऊक नसल्यामुळे ‘खटलाच झाला नाही’ असा निष्कर्ष काढून अभ्यासक परततो. वास्तविक त्या प्रकरणाची समरी दंडाधिकाऱ्याच्या दप्तरात असते.

न्यायालयातील नक्कल :

न्यायालयीन कागद माहितीच्या अधिकाराखाली मागता येतील, ही समजूत प्राध्यापकवर्गातही आढळते. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात हा प्रश्न निकालात काढला. न्यायिक बाजूच्या कागदांच्या प्रती त्या त्या उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच मागाव्या लागतात; पक्षकार नसलेल्या व्यक्तीने अर्जासोबत शपथपत्र देऊन प्रयोजन सांगावे लागते. न्यायालयाच्या प्रशासकीय माहितीसाठी माहितीचा अधिकार लागू आहे. दावा, कैफियत, साक्ष आणि निशाणी यांसाठी नक्कल अर्ज हीच वाट.

नक्कल अर्जात प्रकरणाचा प्रकार, क्रमांक, वर्ष, पक्षकारांची नावे, निकालाची तारीख आणि हव्या असलेल्या कागदाचे नेमके वर्णन द्यावे लागते. ‘सर्व कागदपत्रे’ असे लिहिलेला अर्ज बहुधा परत येतो. नक्कल विभागातील लिपिकाला संशोधनाचे महत्त्व पटवून देण्यापेक्षा प्रकरणाचा अचूक क्रमांक देणे केव्हाही अधिक परिणामकारक ठरते. अलीकडच्या प्रकरणांसाठी हा क्रमांक ई-कोर्ट्स सेवेवर पक्षकाराचे नाव, वकिलाचे नाव अथवा पोलीस ठाणे व गुन्हा क्रमांक यांवरून शोधता येतो. प्रत्येक प्रकरणाला सोळा चिन्हांचा एक सीएनआर क्रमांक असतो. मुंबईत नगर दिवाणी व सत्र न्यायालय, दंडाधिकारी न्यायालये आणि लघुवाद न्यायालय यांचे शोध निरनिराळे करावे लागतात, हे ध्यानात ठेवावे. जुन्या प्रकरणांसाठी मात्र नोंदवह्या, जुन्या पावत्या, वकिलांची पत्रे आणि घरोघरच्या पेट्या यांवरच भिस्त. प्रथम ‘रोजनामा’ मागावा. प्रकरणात प्रत्येक तारखेला काय झाले हे त्यात थोडक्यात लिहिलेले असते, आणि कोणता कागद कोणत्या दिवशी दाखल झाला ते त्यावरून कळते.

खोलीचा इतिहास :

गिरगावच्या अभ्यासकासाठी सर्वांत समृद्ध आणि सर्वांत उपेक्षित साधन फौजदारी न्यायालयात नाही. ते धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याखालील आणि ३१ मार्च २००० पासून त्याची जागा घेणाऱ्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ खालील मुंबईतील घरमालक-भाडेकरू वाद येथे चालतात. ‘आर. ए. ई.’ या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक निष्कासनाच्या दाव्याचा, ‘आर. ए. डी.’ हा भाडेकरूचा हक्क जाहीर करून मागणाऱ्या दाव्याचा. या न्यायालयाच्या निर्णयावरील अपील त्याच न्यायालयाच्या अपील खंडपीठापुढे जाते. त्यामुळे अपिलाचा शोध घेण्यासाठी थेट उच्च न्यायालयात जाणारा अभ्यासक मधला टप्पा हुकवतो.

या दाव्यांत काय सापडते? प्रमाण भाड्याच्या वादात १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे महत्त्वाचे असते, म्हणून त्या काळच्या पावत्या निशाणी म्हणून दाखल होतात. मूळ भाडेकरू मरण पावल्यावर हक्क कोणाकडे जातो हे त्याच्याबरोबर कुटुंबातील कोण राहत होते यावर ठरते. म्हणून शिधापत्रिका, शाळेचे दाखले, मतदारयाद्या आणि शेजाऱ्यांच्या साक्षी येतात. दहा बाय बाराच्या खोलीत किती माणसे झोपत होती, गावाहून आलेला पुतण्या ‘कुटुंबीय’ की ‘पोटभाडेकरू’, खानावळीचे डबे चालविणारी विधवा बाई जागेचा ‘व्यापारी वापर’ करीत होती काय, असे प्रश्न साक्षीपुराव्यात खोदून खोदून विचारले जातात. जनगणनेचा प्रगणक एवढ्या खोलात जात नाही.

पागडीचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. १९४७ च्या कायद्यानुसार घरमालकाने भाड्याखेरीज अशी रक्कम घेणे दंडनीय होते. साहजिकच ती कोणत्याही पावतीवर लिहिलेली नसे. १९९९ च्या अधिनियमाने तिला मान्यता दिली. अर्धशतकाहून अधिक काळ जो व्यवहार उघड गुपित म्हणून चालला, त्याचे चित्र अधिकृत आकडेवारीत उमटणे शक्यच नव्हते. उलटतपासणीच्या एखाद्या ओळीत मात्र ते डोकावून जाते. गिरगावच्या घरबाजाराचा इतिहास लिहावयाचा झाल्यास या ओळी वेचाव्या लागतील.

याच कागदांवर अभ्यासकापेक्षा निकडीची गरज असलेला दुसरा वाचक म्हणजे खुद्द भाडेकरूचे कुटुंब. आजोबांच्या बाजूने झालेल्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत पुनर्विकासाच्या वेळी पात्रता सिद्ध करण्यास उपयोगी पडू शकते. पक्षकाराच्या वारसाला नक्कल मिळविणे त्रयस्थापेक्षा सोपे असते. म्हणूनच विद्यार्थ्याच्या प्रकल्पात ज्या कुटुंबाचा अभ्यास आहे, त्याच कुटुंबाच्या नावे अर्ज करविणे हा पुष्कळदा सर्वांत सरळ आणि नैतिकदृष्ट्याही योग्य मार्ग ठरतो.

निकाल आणि मिसल :

छापील निकाल मिळाला म्हणजे प्रकरण मिळाले, असा समज करून घेण्याचा धोका रखमाबाईंच्या खटल्यावरून समजून घेता येतो. गिरगावात वास्तव्य असलेले डॉ. सखाराम अर्जुन यांची ही सावत्र कन्या. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नांदावयास जाण्यास नकार दिल्यावर पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्या. पिन्हे यांनी तो फेटाळला. १८८६ मध्ये अपिलात तो निर्णय फिरवून प्रकरण फेरसुनावणीसाठी पाठविण्यात आले. मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी एक महिन्यात नांदावयास जावे, अन्यथा सहा महिन्यांचा कारावास, असा आदेश दिला. जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या मुंबई मालिकेतील नवव्या व दहाव्या खंडांत पहिले दोन निर्णय छापलेले असून ते कोणत्याही विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पाहता येतात.

परंतु निर्णयसंग्रह हा वकिलांसाठी काढलेला सारांश असतो. त्यात कायद्याचा मुद्दा विस्ताराने येतो आणि माणसे चार ओळींत उरकली जातात. वादीने दाव्यात काय आरोप केले, प्रतिवादीने कैफियतीत ते कसे खोडले, कोणाची शपथपत्रे दाखल झाली, हे मिसलीतच असते. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेतील अशा कागदांसाठी दाव्याचा क्रमांक व वर्ष घेऊन प्रोथोनोटरी व वरिष्ठ अधिकारी यांच्या कार्यालयाकडे जावे लागते.

या खटल्याची आणखी एक बाजू आजच्या अभ्यासकाने विचारात घ्यावी. रखमाबाईंनी १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या अर्थाच्या टोपणनावाने पत्रे लिहिली. न्यायालयाच्या कागदांत मात्र त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. आज असा दावा कुटुंब न्यायालयात चालेल, आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ नुसार त्याची कार्यवाही प्रसिद्ध करण्यास मनाई राहील. अपवाद उच्च व सर्वोच्च न्यायालयांच्या निर्णयांचा, तोही न्यायालयाच्या पूर्वपरवानगीने. भावी इतिहासकाराला आजच्या रखमाबाईची मिसल सहजासहजी दिसणार नाही. ही हानी आहे खरी, पण ती कोणाच्या तरी संरक्षणाची किंमत आहे, आणि ती मोजणे योग्यच म्हणावे लागेल.

जेथे चौकशीच झाली नाही :

अभिलेख नसणे हेही काही वेळा राजकीय निर्णयाचे फलित असते. जानेवारी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात मुंबईत ठिकठिकाणी गोळीबार झाले. गिरगावही त्यात होरपळले. न्यायालयीन चौकशीची मागणी मान्य झाली नाही, आणि चिंतामणराव देशमुख यांनी त्याच वर्षी केंद्रीय मंत्रिपदाचा राजीनामा देताना या नकारावर कठोर टीका केली. चौकशी आयोगच नसल्यामुळे आयोगाचे दप्तर नाही. १९९२-९३ च्या दंगलींच्या अभ्यासकाला श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल उपलब्ध आहे. १९५६ च्या अभ्यासकाला तसे काही नाही.

त्याने कोठे जावे? मुंबईत १८७१ च्या कायद्याखाली कॉरोनरचे न्यायालय होते. अनैसर्गिक मृत्यूंची तेथे चौकशी होत असे. हे पद १९९९ मध्ये रद्द झाले. नव्या पिढीला ते ठाऊकच नसल्यामुळे कॉरोनरच्या कागदांबद्दल कोणी विचारत नाही. रुग्णालयांच्या नोंदी, विधिमंडळाची कार्यवृत्ते आणि गृह विभागाच्या धारिका हे पूरक मार्ग आहेत. जुन्या शासकीय धारिका काळाघोडा येथील एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात पाहता येतात. या कार्यालयाची परंपरा १८२१ पर्यंत मागे जाते. एकोणिसाव्या शतकातील पोलीसविषयक पत्रव्यवहार तेथे ‘न्याय विभागा’च्या खंडांत शोधावा, पोलीस या शीर्षाखाली नव्हे. राजकीय चळवळींवरील पाळतीचे अहवाल ‘गृह विभाग (विशेष)’ या मालिकेत येतात. महाविद्यालयाचे परिचयपत्र सोबत नेल्यास काम सुलभ होते.

वीस वर्षांची अट आणि दहा वर्षांचा गठ्ठा :

पोलीस दप्तरासाठी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ उपयोगी पडतो. महाराष्ट्रात अर्जासोबत दहा रुपयांचा न्यायालय शुल्क मुद्रांक लावता येतो; विनंती एकाच विषयाची आणि साधारणतः १५० शब्दांच्या आत असावी लागते; उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. तपासास बाधा येईल या कारणास्तव कलम ८(१)(ज) खाली माहिती नाकारली जाते. परंतु तपास चालू आहे एवढेच सांगणे पुरेसे नाही, बाधा कशी येईल ते दाखवावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगतसिंग प्रकरणात म्हटले आहे. वैयक्तिक माहितीविषयीचा अपवाद मात्र डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने केलेल्या दुरुस्तीमुळे नोव्हेंबर २०२५ पासून अधिक व्यापक झाला असून, व्यापक सार्वजनिक हिताची कलम ८(२) मधील तरतूद तेवढी शिल्लक आहे.

संशोधकाच्या दृष्टीने खरे महत्त्वाचे कलम ८(३) होय. वीस वर्षांपूर्वीच्या घटनेविषयी माहिती मागितल्यास राष्ट्राची सुरक्षा, विधिमंडळाचे विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद एवढेच अपवाद उरतात. तपास आणि वैयक्तिक माहिती हे दोन्ही अडसर गळून पडतात. कायदा इतिहासकाराला येथे पूर्ण मोकळीक देतो. दुर्दैवाने त्याच वेळी दप्तराचे दुसरे घड्याळ चालू असते. महाराष्ट्र शासनाच्या सर्वसाधारण वर्गीकरणात ‘अ’ वर्गाचे अभिलेख कायम, ‘ब’ वर्गाचे ३० वर्षे, ‘क’ वर्गाचे १०, ‘क-१’ चे ५ आणि ‘ड’ चे एक वर्ष ठेवले जातात. पोलीस व न्यायालये यांच्या स्वतःच्या मुदती याखेरीज आहेत. म्हणजे दहा वर्षांच्या गठ्ठ्यातला कागद मागण्याचा निर्वेध अधिकार प्राप्त होतो तेव्हा तो कागद नष्ट होऊन दहा वर्षे उलटलेली असतात. कोणी लपविले नाही, कोणी नाकारले नाही, तरी पुरावा गेला. चालू काळातील एखाद्या प्रकरणावर पुढे काम करण्याचा विचार असेल, तर नकार येईल हे गृहीत धरूनही आजच अर्ज करून ठेवण्यात शहाणपण आहे; निदान अभिलेख अस्तित्वात असल्याची लेखी नोंद हाती राहते.

अर्जाचे शब्दही विचारपूर्वक योजावेत. ‘कारवाई का झाली नाही’ हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही. ‘अमुक ठाण्याच्या अमुक वर्षाच्या अपमृत्यू नोंदवहीतील या तारखेपासून त्या तारखेपर्यंतच्या नोंदींच्या प्रती’ ही मागणी बसते. तिच्या शेवटी एक वाक्य न चुकता घालावे : ‘सदर अभिलेख नष्ट केला असल्यास नाशनाच्या आदेशाची व नाशनसूचीची प्रत द्यावी.’ महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ नुसार शासकीय अभिलेख विहित पद्धतीखेरीज नष्ट करणे हा पाच वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र गुन्हा आहे. त्यामुळे ‘अभिलेख आढळून येत नाही’ हे मोघम उत्तर पुष्कळदा याच वाक्यामुळे अडते आणि दप्तर पुन्हा एकदा उघडले जाते. सूची खरोखरच मिळाली तर तीतील गुन्हा क्रमांक, वर्ष आणि नावे हाती येतात. पोलीस ठाण्यातील प्रत गेली असली, तरी त्या क्रमांकावरून दंडाधिकाऱ्याच्या नोंदवहीत खटल्याचा क्रमांक आणि तेथून उच्च न्यायालयातील अपिलाची मिसल शोधता येते.